व्हीलचेअर घेऊन सरकारी कचेरीत कसं जावं

गेल्या मंगळवारी आईला घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो होतो. दस्तावर अंगठा द्यायचा होता. आई दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे आणि कचेरी दुसऱ्या मजल्यावर. तिथे जे शिकलो ते तुमच्याही कामी येईल.

सगळ्यात आधी निर्धास्त व्हा, तुमच्या पाठीशी साक्षात संयुक्त राष्ट्रसंघ आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा करार न्यूयॉर्कात २००६ च्या डिसेंबरात झाला. आपण २००७ च्या मार्चात सही ठोकली, ऑक्टोबरात रीतसर मंजुरीही दिली. मग त्याला साजेसा कायदा करायला जेमतेम नऊ वर्षं लागली. २०१६ च्या त्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. विषय राज्यांचा असला तरी परदेशी करारासाठी संसद देशभर कायदा करू शकते, घटनेचं २५३ वं कलम त्यासाठीच आहे. म्हणजे न्यूयॉर्कापासून आपल्या कचेरीच्या दारापर्यंत वाट मोकळी. दाराच्या आत तेवढ्या पायऱ्या आहेत.

स्वतःला अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. पायऱ्या त्याच राहतात, पण कानाला बरं वाटतं.

घरून निघताना पाणी पिऊ नका. स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद आहे.

रॅम्पची चिंता नको, रॅम्प आहे! एक फूट चढायला बारा फूट लांबी, असं प्रमाण सांगतात. आमच्या कचेरीने तीन पायऱ्यांची उंची चार फुटांत उरकली आहे. वरून हात सुटला तर खुर्ची थेट समोरच्या चहाच्या टपरीत. त्यावर गुळगुळीत फरशी, फरशीवर दोन स्कूटर आणि पायथ्याशी कुलूप लावलेली साखळी. का, तर म्हणे गाई चढतात. शेजारी भिंतीवर खुर्चीचं निळं चित्र मात्र ताजं रंगवलेलं, कारण फोटो वर पाठवायचा असतो. कायदा म्हणतो, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम करा. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मोजा बोटांवर. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सुनावलं की तुमचा नियम नुसत्या शिफारशीचा आहे, सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा. सात वर्षं आपण ज्याला नियम समजत होतो ती विनंती होती! दंड आहे हो, पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत. कुणी भरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

लिफ्टबद्दल विचारू नका.

चार दणकट माणसं बरोबर न्या. मी नेली नव्हती. टपरीवरचे दोघं, एक रिक्षावाला आणि मी, अशी आईला खुर्चीसकट उचलून दोन जिने चढवली. ती गुडघ्यावरची साडी मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. वर पोचल्यावर साहेब म्हणाले, "अहो, मावशींना कशाला त्रास दिलात? आधी सांगायचं, आम्ही खाली आलो असतो." सांगायचं कुठे, ते कुठल्या पाटीवर लिहिलंय?

बास झाली थट्टा. कचेरीतल्या साहेबांनो, तुम्ही रोज त्याच दारातून आत जाता. ती साखळी तुमच्याच डोळ्यांसमोर लोंबकळते, त्या स्कूटर तुमच्याच माणसांच्या आहेत. ते कुलूप काढायला तुम्हाला कुठला करार हवाय? सत्तर वर्षांच्या बाईला पोत्यासारखी वर चढवताना खिडकीतून बघत उभे होतात सगळे, एक जण खाली उतरला नाही. लाज बाळगा जरा.

पुढच्या महिन्यात दुसरा अंगठा द्यायचाय. किल्ली कुणाकडे असते तेवढं आत्ताच सांगून ठेवा.