ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही

ग्रहण जवळ आलं की तोच मेसेज फिरतो: गरोदर बाईने सुरी धरली तर बाळाचा ओठ फाटतो, ग्रहणाचे किरण गर्भाला बाधतात, वेध लागल्यापासून पाणीही पिऊ नये. ७ सप्टेंबर २०२५च्या चंद्रग्रहणात माझ्या मावसबहिणीला सातवा महिना होता. दुपारपासून तिला उपाशी निजवून ठेवलं, कूस बदलायलाही मनाई. म्हणून हे लिहितेय.

आधी सुरीचं. नाकाखाली वरच्या ओठावर बोट फिरवा, एक उभी पन्हळ लागेल. गर्भाचा चेहरा सुट्या-सुट्या उंचवट्यांतून घडतो. ते बाजूंनी मध्याकडे सरकतात आणि या पन्हळीच्या आसपास एकमेकांना जुळतात. ओठाचं हे काम चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं, टाळूचं त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. कुठे जुळणी राहिली तर ओठ दुभंगलेला दिसतो. म्हणजे तो कापला जात नाही, जोडायचाच राहतो. सातव्या महिन्यात, कधीच जोडून झालेला ओठ कांदा चिरल्याने कसा उसवेल?

किरणांचं म्हणाल तर चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, बस. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये हे खरं, पण तो धोका डोळ्यांना आहे, गर्भाला नाही. आणि जुळ्यांचं काय? एकाच पोटातल्या, एकच ग्रहण सोसलेल्या जुळ्यांत कित्येकदा एकाचाच ओठ दुभंगलेला असतो.

‘अमकीने पाळलं नाही, तिचं बाळ बघा’ हा पुरावाही टिकत नाही. छायाकल्प (चंद्र पृथ्वीच्या फिकट सावलीतून जातो ती) धरून वर्षाला किमान ४ ग्रहणं होतात. नऊ महिन्यांत एखादं सापडणारच. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाला हा दोष असतो. कारणं बहुतेकदा अनेक जनुकं आणि परिस्थिती मिळून: आईचं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं (ती मनाने बंद करू नका, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला). काही घराण्यांत आयआरएफ६ या एकाच जनुकातला बदल पुरतो. तिथे कधी बापाच्याच खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसतात, आणि बोल मात्र सुनेला लागतो.

उपास तर उलटाच. मधुमेह असलेल्या गरोदर बाईला तासन्तास अन्नपाणी न देणं घातक आहे.

ओठ दुभंगलेल्या बाळाला पाजताना ताठ धरा, नाहीतर टाळूही दुभंगलेली असेल तर दूध नाकावाटे येतं. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा ३ ते ६ महिन्यांच्या वयात होते. तोवर वजन वाढवायचं असतं.