पीडीएफ आणि रांग

मराठी पुस्तकांच्या किमतींवरून वाद पेटला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एक जण विचारतो, अडीचशे पानांना पाचशे रुपये कोण मोजणार? दुसरा गुपचूप व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकतो. प्रकाशक चोरीच्या नावाने ठणाणा करतात. मग अमेरिकेतून कुणीतरी लिहितं, ‘आमच्याकडे लायब्ररीत सगळं फुकट असतं.’ मीही त्याच अमेरिकेतून लिहितोय, म्हणून आधी या ‘फुकट’चा हिशेब मांडतो.

पैशांची बचत खरी आहे. ‘किंडल अनलिमिटेड’ या ई-पुस्तकांच्या वर्गणीचे महिन्याला ११.९९ डॉलर, ‘ऑडिबल’ या श्राव्य पुस्तकांच्या वर्गणीचे १४.९५. दोन्ही घेतली तर वर्षाला सव्वातीनशे डॉलरच्या आसपास जातात. ग्रंथालयाचं कार्ड असेल तर ‘लिबी’ ॲपवर ई-पुस्तकं आणि श्राव्य पुस्तकं वेगळा पैसा न देता मिळतात. कार्डासाठी लागतो तो फोटो असलेला ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा कागद: भाडेकरार, विजेचं बिल किंवा बँकेचं पत्र. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन ई-कार्ड लगेच मिळतं, पण त्यावर सगळ्या सोयी चालतीलच असं नाही. एकदा शाखेत जाऊन पत्ता दाखवला की काम पक्कं होतं. कार्डाला मुदत असते. एके दिवशी लिबी अचानक काही द्यायचं थांबलं, तर आधी ती संपली का ते बघावं.

नवीन आलेल्यांना सहसा माहीत नसतं की एका कार्डावर थांबायची गरज नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्हीकडचं कार्ड मिळतं, न्यूयॉर्क राज्यात कुठेही राहणाऱ्याला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं, मॅसॅच्युसेट्सवाल्याला बॉस्टनचं ई-कार्ड. सगळी कार्डं एकाच लिबीत जोडता येतात. ई-पुस्तकाचीही एक प्रत एका वेळी एकालाच मिळते, म्हणून गाजलेल्या पुस्तकाला एकीकडे सोळा आठवडे थांबावं लागतं, तर दुसरीकडे चार. ‘होल्ड’ टाकताना, म्हणजे रांगेत नाव लावताना, ॲप प्रत्येक कार्डावरची अंदाजे मुदत दाखवतं, ती बघूनच नंबर लावावा.

खरी गंमत पुढे होते. पाच होल्ड टाकलेले असतात आणि पाचही पुस्तकं एकाच आठवड्यात हातात पडतात. मुदत चौदा किंवा एकवीस दिवसांची. दोन वाचून होतात, तीन तशीच परत जातात आणि नंबर पुन्हा शेपटाला. यावर ‘डिलिव्हर लेटर’ नावाची सोय आहे. पुस्तक मागच्याला जातं, पण तुमची जागा पुढेच राहते. नंबर आल्यावर साधारण तीन दिवसांत पुस्तक उचललं नाही, तर तो हातचा जाऊ शकतो, म्हणून लिबीच्या सूचना बंद ठेवू नयेत. मासिकांना मात्र रांगच नाही. आपल्या वाचनालयातल्या दिवाळी अंक योजनेत हवा तो अंक नेमका बाहेर गेलेला असतो, तसं इथे होत नाही.

लिबीतून किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-वाचनयंत्रावर, पुस्तक पाठवताना आपली मंडळी हमखास अडकतात. ‘रीड विथ किंडल’ दाबल्यावर ॲमेझॉनचं पान उघडतं आणि तिथे ‘गेट लायब्ररी बुक’ म्हणायचं असतं. पण किंडल भारतातून आणलेलं आणि ॲमेझॉन डॉट इनला जोडलेलं असेल, तर पुस्तक येत नाही. ही सोय फक्त अमेरिकी ग्रंथालय आणि अमेरिकी ॲमेझॉन खातं यांच्यातच चालते. मुदत संपताना किंडल एअरप्लेन मोडवर ठेवलं तर पुस्तक त्यावर काही दिवस जास्त राहतं. त्यात पुढच्या वाचकाचा खोळंबा होत नाही, कारण ग्रंथालयाच्या हिशेबात ते वेळेवर परत गेलेलं असतं. भारतात सुट्टीला जाताना पुस्तकं आधीच उतरवून घ्यावीत. ‘हूप्ला’ हे ग्रंथालयांचं दुसरं ॲप तर भारतात चालतच नाही.

हूप्लावर रांग नसते, सगळं तिथल्या तिथे मिळतं. मग महिन्याला पाच-दहाच पुस्तकांची मर्यादा कशासाठी? कारण तिथे तुम्ही पुस्तक उघडलं की दर वेळी ग्रंथालयाच्या खात्यातून पैसे जातात. लिबीवरच्या पुस्तकांची तऱ्हा वेगळी. दुकानात पंधरा डॉलरला मिळणारं नवं ई-पुस्तक ग्रंथालयाला पन्नास-साठ डॉलरला पडतं आणि मोठ्या प्रकाशकांचा परवाना बहुधा दोन वर्षांनी संपतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने २०११ मध्ये अट घातली की प्रत २६ वेळा वाचकांना दिली की परवाना संपला. चौदा दिवसांचा हिशेब धरला तर २६ वाचक म्हणजे ३६४ दिवस. प्रत सतत फिरत राहिली तर वर्षात संपते आणि ग्रंथालयाने ती पुन्हा विकत घ्यायची. कागदी पुस्तक शिवण उसवेपर्यंत चालतं, बाइंडिंग केलं की पुढेही चालतं. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये प्रकाशकांना वाजवी अटींवर ई-पुस्तकं द्यायला लावणारा कायदा केला, पण २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे मी इथे जे ‘फुकट’ वाचतो, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या करातून भाड्याने आणलेलं असतं.

महाराष्ट्रात ई-ग्रंथालयाची चर्चा निघते तेव्हा मला भीती वाटते ती याची. ॲप करणं अवघड नाही. पण ते करताना भाडेपट्ट्याची ही पद्धतही आपण सहीसही उचलू. १९६७ च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात उपकराची तरतूद नाही. तमिळनाडूत घरपट्टीसोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो, आपल्याकडे सगळी भिस्त अनुदानावर. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाची अनुदानातून ग्रंथपालाचा पगार भागवतानाच दमछाक होते. दर दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यायला त्याला सांगणं हा विनोद आहे.

खरेदी राज्याने एकत्र करावी, आणि कायमच्या मालकीने. एक प्रत, एका वेळी एक वाचक, मुदत चौदा दिवस. पाचशे रुपयांच्या पुस्तकाचे प्रकाशकाला तिप्पट, म्हणजे दीड हजार दिले तरी पहिल्या वर्षातल्या २६ वाचकांत दर वाचकामागे खर्च येतो अठ्ठावन्न रुपये. पुढच्या वर्षांत पुस्तकासाठी काहीच द्यायचं नाही. प्रकाशकाला आज त्या पीडीएफमधून शून्य मिळतं. लेखकालाही.

परदेशातल्या मराठी वाचकाला यात स्वार्थ आहेच. लिबीत देवनागरीत शोधून बघा, हाती फारसं काही लागत नाही. ‘नोटिफाय मी’ दाबून ग्रंथालयाला मागणी कळवता येते, पण त्यासाठी ते पुस्तक लिबीमागच्या ‘ओव्हरड्राइव्ह’ या वितरक कंपनीच्या यादीत असावं लागतं. तिथे नसलेलं पुस्तक लिबीतून मागायचीच सोय नाही. तोवर साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं आणि विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळांवर मोफत आहेत, आणि त्या वाचायला कुणाची चोरीही करावी लागत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान त्यांचे दुवे तरी फिरू द्यावेत.