खुलासा: गिधाडं टॉवरमुळे गेली नाहीत

श्रीवर्धन-म्हसळ्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय, की गिधाडं मोबाईल टॉवरच्या लहरींनी संपली. हे चूक आहे. खरं कारण डायक्लोफेनॅक, गुरांना टोचायचं वेदनाशामक. ते टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसला. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. गुरांसाठी हे औषध भारतात २००६ पासून बंद आहे. तरी माणसांसाठीच्या याच औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीच्या केल्या. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामकच मागा; ते गिधाडांना बाधत नाही. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, पुरा. टॉवरचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.