‘टर्म’ बदलल्याने टर्मिनल बदलत नाही

हिंजवडीत नव्याने रुजू होणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला सतत फिरत असतो. दूरच्या सर्व्हरशी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, जोडल्यावर पडद्यावर भलतेसलते काही दिसू लागले, तर बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘टर्म’ या व्हेरिएबलची किंमत कायमची ‘व्हीटी१००’ करून टाका. बॅकस्पेस सुधारेल, मराठी अक्षरे नीट दिसतील, आणि एवढे करूनही पडदा गोठला तर दोष नेटवर्कचा, खिडकी बंद करून पुन्हा लॉगिन करा, असा त्याचा आशय.

यातली मूळ समजूतच चुकीची आहे. ‘टर्म’ ही दारावरची पाटी आहे: समोर कोणत्या प्रकारचे टर्मिनल आहे हे ती सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना सांगते, आणि ते प्रोग्रॅम टर्मइन्फो या संग्रहात पाहून कोणते संकेत पाठवायचे ते ठरवतात. आपल्या संगणकावरचा एम्युलेटर, म्हणजे टर्मिनलचे सोंग घेणारा प्रोग्रॅम, त्यामुळे तसूभरही बदलत नाही. व्हीटी१०० हे १९७८ सालचे एकरंगी टर्मिनल. त्याची पाटी लावली की विम या एडिटरमधले रंग जातात, इतकाच काय तो ‘सुरक्षितपणा’. शिवाय सर्व्हरशी जोडून देणारे एसएसएच जोडणीच्या वेळी टर्मिनलचा प्रकार स्वतःच कळवते आणि एका खिडकीत अनेक सत्रे चालवणारा टीमक्स आपल्या आत वेगळी किंमत ठेवतो; बॅशआरसीतली ती एक ओळ दोन्हींवर बोळा फिरवते. जुन्या सर्व्हरला नव्या एम्युलेटरचे नाव ठाऊक नसले की ‘अननोन टर्मिनल टाइप’ अशी तक्रार येते. तेव्हा त्या सत्रापुरते ‘एक्सटर्म-२५६कलर’ हे सर्रास ओळखले जाणारे नाव देणे क्षम्य आहे, पण तेवढेच.

बॅकस्पेसचा तर ‘टर्म’शी बहुधा संबंधच नसतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या नव्या सहकारी मुलीच्या पडद्यावर डेटाबेसच्या प्रॉम्प्टवर अक्षर खोडले जाण्याऐवजी टोपीचे चिन्ह आणि ‘एच’ उमटत होते, आणि बॅशमध्ये मात्र तीच कळ बिनतक्रार चालत होती. कारण साधे आहे. ही कळ एम्युलेटरच्या सेटिंगप्रमाणे ८ किंवा १२७ क्रमांकाचा संकेत पाठवते. बॅशला दोन्ही चालतात, पण त्या साध्या प्रॉम्प्टला एसटीटीवाय या टर्मिनलची सेटिंग दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या आज्ञेत ‘इरेझ’ म्हणून नोंदलेला एकच संकेत कळतो. कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाबले, तर कळ नेमके काय पाठवते ते दिसते. ते एसटीटीवायच्या नोंदीशी ताडून दोहोंपैकी एक बाजू बदलायची. पुटी या एम्युलेटरमध्ये हे सेटिंग कीबोर्डच्या पानावर आहे.

मराठीचा प्रश्न एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे कोणत्या आकड्यांत साठवायची याचा. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते, आणि एम्युलेटर ते सुटे सुटे वाचू लागला की पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग लागते. सर्व्हरवरचे लोकेल (भाषेचे सेटिंग) आणि एम्युलेटरचा कॅरेक्टर सेट, दोन्ही यूटीएफ-८ हवेत. नुसते चौकोन दिसत असतील, तर मात्र फाँट तपासावा. जोडाक्षरे फुटतात ती टर्मिनल अक्षरे ठरावीक चौकटींत बसवते म्हणून; त्यावर यातल्या कशाचाच उपाय चालत नाही.

राहिला गोठलेला पडदा. त्याच मुलीने दुसऱ्या दिवशी, फाइल सेव्ह करण्याच्या सवयीने, कंट्रोल-एस दाबले होते. टर्मिनलसाठी त्याचा अर्थ ‘थांब’ असा होतो आणि कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत एकही अक्षर पुढे सरकत नाही. सल्ल्याबरहुकूम तिने खिडकी बंद केली असती, तर सर्व्हरवर हँगअपचा, म्हणजे जोडणी तुटल्याचा, संकेत जाऊन तिचे अर्ध्यावर आलेले इंपोर्ट बहुधा तिथेच संपले असते.