दुकानातली नोंद म्हणजे तुमची पूर्ण औषधयादी नव्हे

‘औषध दुकानाच्या संगणकात तुमची सगळी औषधं नोंदलेली असतात, वेगळी यादी ठेवायची गरज नाही’ असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. तो अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच जास्त घातक.

त्या नोंदीत असतं ते दुकानातून दिलेलं औषध. तुम्ही ते घेतलं, मध्येच सोडलं की डॉक्टरांनी फोनवर डोस बदलला, हे सांगितल्याशिवाय तिथे उमटत नाही. दुसऱ्या दुकानातून किंवा रुग्णालयातून मिळालेली औषधंही बहुधा नसतात. चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या आणि वनौषधी तर हमखास सुटतात. नेमका घोळ तिथेच होतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. नोंदीत आयबुप्रोफेन नसेल तर फार्मासिस्ट इशारा देणार कसा? पॅरासिटामॉलचंही तेच: सर्दीच्या अनेक गोळ्यांत ते असतं, वेष्टनावरची नावं मात्र निरनिराळी, त्यामुळे नकळत दुप्पट डोस पोटात जातो.

नुसतं नाव लिहूनही भागत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. म्हणून औषधातल्या घटकाचं नाव, ताकद, किती वेळा आणि कशासाठी, एवढं लिहाच. ॲलर्जी असेल तर काय झालं होतं तेही: पुरळ आलं की श्वास अडकला, यात फार फरक आहे.

दुकानातली नोंद निरुपयोगी नाही. पुढच्या वेळी आपली यादी तिच्याशी ताडून घ्या, बंद केलेली औषधं काढायला सांगा.