आठ हजारांची खोली

मार्च आला की आमच्या ऑफिसात डब्याच्या वेळी एकच विषय, तुझा मेडिक्लेम कितीला पडला? ज्याचा हप्ता सगळ्यात कमी तो शहाणा. मी स्वतः अकाउंट्समधला, तरी बाबांसाठी पॉलिसी घेताना तेच केलं. एक्सेलमध्ये तीन कोटेशनं मांडली आणि स्वस्तातली उचलली. कव्हर पाच लाख, हप्ता दुसरीपेक्षा साडेपाच हजारांनी कमी.

तीन वर्षं हप्ते भरले आणि बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पॉलिसीत खोलीभाड्याला कव्हरच्या एक टक्का मर्यादा होती, म्हणजे दिवसाला ५,०००. तेवढ्या भाड्याची खोली रिकामी नव्हती, ८,००० ची होती. तीन दिवसांचे वरचे ९,००० आपण भरू, असा माझा हिशेब.

डिस्चार्जला काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे केला. "काका, ४४,५०० भरायचेत." (काका म्हणाली त्याचं वेगळंच दुःख.)

झालं असं की हक्क ५ हजारांच्या खोलीचा आणि राहिलो ८ हजारांच्या, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या ८०,००० लाही त्याच प्रमाणात कात्री. आठातले पाच भाग मंजूर, ३०,००० आमच्या बोकांडी. औषधं आणि पोटात बसवलेली जाळी मात्र या कात्रीतून सुटतात, ते ४५,००० पूर्ण मिळाले. हातमोजे वगैरे किरकोळीचे ५,५०० वेगळे कापले. तीन वर्षांत वाचवलेले साडेसोळा हजार एका दुपारी गेले, वर अट्ठावीस हजार अंगावर आले.

तेव्हापासून कोणी हप्ता सांगितला की मी आधी विचारतो, खोलीभाड्याला मर्यादा आहे का? को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, किती टक्के? एजंट नेमकं इथंच "सर, ते बघू आपण" म्हणतो.

"ऑफिसची पॉलिसी आहे की" म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आमच्यातल्या एकानं पन्नाशीनंतर नोकरी सोडली, त्याबरोबर ती पॉलिसीही सुटली. शुगर होतीच. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि हेही २०२४ पासून, आधी ४८ होते. पगार चालू असतानाच छोटी का होईना, स्वतःची पॉलिसी हवी. आई-बाबांची मात्र वेगळी. कारण फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.

टॅक्स वाचतो, हे आता सगळ्यांना लागू नाही. नव्या करप्रणालीत मेडिक्लेमच्या हप्त्यावरची वजावट (८०डी) मिळत नाही. त्यापेक्षा २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो दिलासा खरा.

बाबा ६८ चे. सत्तरी झाली की उत्पन्न न बघता सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं कार्ड निघेल, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच चालेल. तोवर पॉलिसी पोर्ट करायची, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायची आहे. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. आजारासाठी आधी थांबलेला काळ (वेटिंग पिरियड) धरला जातो, पण नवी कंपनी वय बघून नाही म्हणू शकते. साठीपुढच्या माणसाची पॉलिसी कोणी पोर्ट केली असेल तर अनुभव लिहा. एजंट मंडळींनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.