‘फोटो तर गुगलवर आहेच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं अर्काइव्ह (जुन्या कागदपत्रांचा संग्रह) आणि त्यातले आनंदीबाई जोशींचे कागद यांवरच्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आनंदीबाई आणि आणखी दोन परदेशी विद्यार्थिनी अशा तिघींचा तो प्रसिद्ध फोटो गुगलवर मिळतोच. जुन्या कागदांसाठी मोबाइल पुरतो. तुम्ही स्वतः आजोबांच्या ग्रँट मेडिकलच्या वह्या एका रविवारात स्कॅन करून, पीडीएफ ड्राइव्हवर टाकून मोकळे झालात. आणि ‘जोशी’च्या रोमन स्पेलिंगला शेवटी दोन ‘ई’ लावणाऱ्यांचं कौतुक कसलं?

स्पेलिंगपासूनच सुरुवात करतो. दोन ‘ई’ हे आजच्या कॅटलॉगवाल्यांचं अज्ञान नाही, त्या काळच्या अमेरिकेतल्या कागदांवर नाव तसंच आहे. कागदावर जे आहे ते नोंदीत तसंच ठेवायचं, हा पहिला नियम. ‘दुरुस्त’ केलं की मूळ कागद आणि नोंद यांचा मेळ बसत नाही. त्यावरचा इलाज म्हणजे ऑथॉरिटी रेकॉर्ड : एका व्यक्तीची एकच नोंद आणि तिच्याखाली नावाची सगळी रूपं. एक ‘आय’वालं जोशी, दोन ‘ई’वालं जोशी, आनंदीबाई, आनंदाबाई, आनंदी गोपाळ, माहेरचं यमुना. यातलं काहीही टाइप केलं तरी माणूस एकच सापडला पाहिजे. तसं होत नसेल तिथे तुमची तक्रार रास्त आहे.

संस्थेच्या नावाचा घोळ याहून मोठा. आनंदीबाई शिकल्या ते कॉलेज निघालं १८५० साली, ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ म्हणून. १८६७ मध्ये ते ‘वुमन्स मेडिकल कॉलेज’ झालं. १९७० मध्ये मुलांनाही प्रवेश खुला झाल्यावर नावातून ‘वुमन्स’ गेलं. १९९०च्या दशकात हानेमान या दुसऱ्या जुन्या मेडिकल कॉलेजशी विलीनीकरण झालं, १९९८ मध्ये चालक संस्थेचं दिवाळं निघालं, २००२ मध्ये सगळं ड्रेक्सेलमध्ये गेलं. आनंदीबाईंची पदवी ११ मार्च १८८६ची. ड्रेक्सेलची स्थापनाच १८९१ची. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावाखाली आज त्यांचे कागद आहेत, ते त्यांच्या हयातीत अस्तित्वातच नव्हतं! ही साखळी कुणीतरी नोंदवून ठेवली नाही, तर स्कॅन कितीही स्वच्छ असो, तो नुसता अनाथ कागद.

आता फोटो. तो १० ऑक्टोबर १८८५चा. साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. (सबातचं ‘तबात’ही सापडतं, म्हणजे पुन्हा तोच नावांचा प्रश्न.) व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मथळ्यांत या ‘तीन डॉक्टर’ असतात. पण आनंदीबाईंना पदवी मिळायला अजून पाच महिने होते, ओकामींना ती १८८९ मध्ये मिळाली आणि इस्लामबूलींना १८९० मध्ये. त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. गुगलवरच्या चित्रातून नेमकी तारीख गळते, आणि तारखेबरोबर अर्थही.

मोबाइलबद्दल. कॅमेरा वाईट नसतो, घात करतं स्कॅनिंग अॅप. ते पिवळट कागद ‘पांढराशुभ्र’ करतं आणि त्या झटक्यात समासातली पेन्सिल, विटून तपकिरी झालेली शाई, मागच्या पानाची पुसट छाप असं सगळं उडवतं. वर कडा ताणून सरळ करतं, त्यामुळे मूळ आकार कळत नाही. अर्काइव्हमध्ये कागदाशेजारी मोजपट्टी आणि रंग ताडायची रंगपट्टी ठेवतात ती म्हणूनच. साधा लिखित कागद ४०० पीपीआय (म्हणजे दर इंचाला इतके पिक्सेल), फोटो ६००, फाइल टिफ, म्हणजे तपशील न गाळता साठवणारी. ८ बाय १० इंचाचा फोटो ६०० पीपीआयने म्हणजे ४,८०० गुणिले ६,००० पिक्सेल. २४ बिट रंगात एकच फाइल सुमारे ८६ एमबी. ही मूळ प्रत बाजूला जपायची आणि वाचकांना तिच्यावरून केलेली जेपेग, म्हणजे काही तपशील गाळून हलकी केलेली फाइल, द्यायची. जेपेगमध्ये फेरफार करून ती पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केली की दर वेळी थोडं काही जातंच.

एकोणिसाव्या शतकातले बरेचसे फोटो पातळ कागदावरचे, पुठ्ठ्याला चिकटवलेले असतात. पुठ्ठा वाकलेला असेल आणि वरून फ्लॅटबेडचं (काचेवर कागद पालथा ठेवायच्या स्कॅनरचं) झाकण दाबलं, तर चित्राच्या थराला तडे जातात. असे फोटो स्टँडवरच्या कॅमेऱ्याने वरून घ्यायचे. पाठीमागची बाजूही घ्यायची, कारण स्टुडिओचा शिक्का आणि हाताने लिहिलेली नावं तिथेच असतात.

फाइलच्या नावात संग्रह, पेटी, फोल्डर, पान हा क्रम हवा आणि आकड्यांपुढे शून्यं हवीत. नाहीतर बऱ्याच ठिकाणी दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. मग प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा) काढून ठेवायचा आणि ठरावीक काळाने ताडायचा. डिस्कवर एक बिट बदलला तरी तो जुळत नाही, आणि कुठली प्रत बिघडली ते कळतं. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. ड्राइव्ह ही त्यातली फार तर एक.

हस्ताक्षरापुढे नेहमीचं ओसीआर (चित्रातली छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) हात टेकतं. हस्तलेखन वाचणाऱ्या प्रणालीला शिकवायचं तर एका हाताचे साधारण ५ ते १५ हजार शब्द आधी माणसाने बसून उतरवावे लागतात. तुमच्या रविवारात ते मावणार नाही.

तुमच्या वह्यांबाबत एक सांगतो. त्यात वॉर्डातल्या केसेस असतील तर रुग्णांची नावं असलेली पानं खुल्या लिंकवर ठेवू नका. अमेरिकी कायदाही रुग्णाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं त्याच्या माहितीला संरक्षण देतो. आणि वह्या अजून रद्दीत गेल्या नसतील, तर पेन्सिलीने लिहिलेलं एक पान खिडकीशी धरा, तुमच्या पीडीएफमधलं तेच पान शेजारी उघडा, आणि काय काय गायब आहे ते मोजा. मग मूळ वह्यांचं काय करायचं ते ठरवा.